एक लांब, दोन आखूड

सगुणाबाई शिवलकरांकडे मी टायपिंग शिकले. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर त्यांचा वर्ग भरायचा. खाली काथ्याचे दोर, जाळी, गळ असलं सामान मिळायचं आणि वर डझनभर टाइपरायटर एकदम खडखडत असायचे. खिडक्या समुद्राच्या बाजूला होत्या. दुपारी वारा सुटला की कागद फडफडायचे, आणि आम्ही ते धरायला गेलो की बाई म्हणायच्या, "कागद राहूदे. बोटं जागेवर ठेवा."

बाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. बोलणं कमी, पण आवाजात धार नव्हती. नवीन मुलगी आली की तिच्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायच्या, म्हणजे बटणं दिसू नयेत. "बघून टाइप करणारा दमतो," असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्या टाइप करताना खिडकीबाहेर बघायच्या. समोर पाणी, त्यावर ऊन, कुठे एखादं शीड, आणि हात आपले चाललेले. मला वाटायचं, त्यांची बोटं एक काम करतायत आणि त्या स्वतः कुठेतरी दुसरीकडेच आहेत.

खिडकीशी एका वेताच्या खुर्चीत त्यांचे वडील बसलेले असायचे. धाकू शिवलकर, बाई त्यांना आबा म्हणत. सगळं आयुष्य बोटीवर गेलेलं. सुकाणी होते, म्हणजे मोठ्या जहाजाचं चाक धरून उभा राहणारा माणूस. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा बाईंची आणि त्यांची नीटशी ओळखही नव्हती. लहानपणी ते वर्षातून महिनाभर यायचे, ट्रंक उघडायचे, परदेशी साबणाचा वास घरभर सुटायचा, आणि तो वास विरायच्या आत परत जायचे. आता कायमचे आले होते, पण बोलत नव्हते. जेवण वाढलं तर जेवायचे, वर्गात आणून बसवलं तर बसायचे. वाडीतले लोक म्हणत, म्हातारा भ्रमला. बाई म्हणायच्या, "भ्रमले नाहीत. लांब आहेत."

पुढची हकिकत मला बाईंनीच सांगितली. दोन-तीनदा सांगितली, दर वेळी थोडी वेगळी. मला जशी लक्षात राहिली तशी लिहिते.

अठ्ठ्याऐंशी साली बाईंनी वर्गासाठी एक कॉम्प्युटर घेतला. नवा नव्हे. मुंबईतलं कुठलंसं शिपिंगचं ऑफिस बंद झालं, त्यांचं सामान निघालं, त्यातला. बाईंचा मावसभाऊ महिपत फोर्टात कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत होता, त्यानं तो मिळवून दिला. जाड लोखंडी पेटी, तिच्यावर काळा पडदा, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोक जिना चढून नुसते बघायला यायचे.

बाईंना त्या हिरव्या अक्षरांचं वेड लागलं. सकाळचा वर्ग सुटला आणि दुपारचा अजून भरायचा आहे, अशा मधल्या शांत वेळी त्या त्याच्यासमोर बसायच्या आणि काहीही टाइप करायच्या. झाडांची नावं, माशांची नावं, गावांची नावं. अक्षर पुसलं तरी ते लगेच जायचं नाही. काजवा मिटावा तसं हळूहळू विझायचं. त्या म्हणायच्या, कागदावरचं अक्षर मला कधी असं निरोप घेताना दिसलं नव्हतं. आबा खिडकीशी, बाई पडद्याशी, खाली रस्त्यावरून एखादी सायकल जायची, आणि दुपार संपतच नसायची.

मुलींना त्यावर पत्रं टाइप करायला शिकवावं, हा बेत होता. पण त्यासाठी जो नवा प्रोग्राम हवा होता तो जुन्या डॉसवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, चालेना. महिपतनं डॉसच्या नव्या आवृत्तीची फ्लॉपी तयार केली आणि एस्‌टीच्या पार्सलने पाठवली. सोबत यंत्राची एक इंग्रजी पुस्तिकाही होती.

बाईंनी दुपारच्या मोकळ्या वेळात ती फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. यंत्र सुरू होताना स्वतःला तपासतं ते आकडे चढत गेले, पेटी घरघरली, एक छोटी ओळ उमटली, आणि तिथंच सगळं थांबलं. पुढे काही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ती एक ओळ, बाकी काळोख. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. जुनी फ्लॉपी घातली की सगळं ठीक. नवी घातली की त्याच ओळीवर मौन.

त्या पोस्टात गेल्या आणि महिपतला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे तर हीच फ्लॉपी झकास चालते. तुझी पेटी जुनी आहे. पडद्याची वायर ज्या कार्डाला लागते ते आत सैल झालं असेल. झाकण उघड, ते कार्ड काढ आणि पुन्हा नीट बसव. बसवल्यावर कळव."

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. बाई आबांना घेऊन माडीवर आल्या, त्यांना खिडकीशी बसवलं, आणि पेटीचे स्क्रू काढले. आत धूळ होती, आणि समुद्राजवळच्या सगळ्याच लोखंडाला येते तशी एक ओलसर, खारट कळा. त्यांनी कार्ड ओढून काढलं, फुंकलं, आणि परत दाबून बसवलं. बटण दाबलं.

आता तर आकडेही आले नाहीत. पडदा नुसता काळा. आणि पेटीतून आवाज आला. एक लांब, मग दोन आखूड.

होतं तेही घालवलं, असं बाईंना वाटलं. त्यांनी बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तसंच. एक लांब, दोन आखूड.

मागे खुर्ची वाजली. वळून बघतात तर आबा उभे राहिलेले. कुणाचा हात न धरता. मान थोडी तिरकी, कान त्या पेटीकडे.

"धुका पडलाय काय?" ते म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. पार रत्नदुर्ग किल्ल्यापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. बाईंना वाटलं, आता मात्र खरंच भ्रमले. त्या म्हणाल्या, "नाही आबा. हा कॉम्प्युटर बिघडलाय. त्याचा आवाज आहे."

"परत वाजव."

बाईंनी बटण बंद करून पुन्हा दाबलं. आवाज आला. आबांनी डोळे मिटले आणि ओठांनी, आवाज न करता, तो मोजल्यासारखा केला.

"बाय, बोट असा कधी बोलते ठावं हाय तुला? धुक्यात. बोट चांगली असते, मानसा चांगली असतात, पर सुकाणू कामातना गेलेला असतो. तिला वळता येत नाय. मग ती भोंगा देते. एक लांब, दोन आखूड. मी हितं हाय. मला दिसत नाय नि मला हलता येत नाय. तुमी संबाळून जा."

एका दमात इतकं बोलणं त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. बाई खाली बसल्या, जमिनीवरच, उघड्या पेटीशेजारी.

"तुमच्या बोटीनं कधी दिला होता असा भोंगा?"

"दिला तर." आबा पुन्हा खुर्चीत बसले, पण आता तोंड खिडकीकडे नव्हतं, मुलीकडे होतं. "हॅम्बुर्गच्या वाटेवर. सुकाणू मोडला नि त्याच दिवशी धुका आला. असा धुका, की माजाच हात मला दिसना. कप्तानान सांगितलान, धाकू, चाक सोडू नको. चाक तर नुसता फिरत व्हता, त्याला काय अर्थ नव्हता. तरी मी धरून उभा. भोंगा वाजायचा नि मग सगळा गप. पान्याचा पन आवाज नाय. कापसात ठेवल्यावानी बोट."

ते थांबले. त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं.

"एक बोट आमच्या अगदी बाजूनं गेली. दिसली नाय. पर मानसा बोलत व्हती ती ऐकू आली. कोनतरी हसला. कांदा तळल्याचा वास आला. मला वाटला, आपल्या घराच्या मागल्या दारानंच कोन चाललाय. हाक मारावी असा वाटला. मग तो वास पन गेला."

"मग?"

"मग मार्कोनी आला माज्याकडं. तारवाला. त्याच्या हातात कागद. तुजी आय गेल्याची तार व्हती."

सगुणाबाईंची आई केळशीला, माहेरी वारली. त्या वेळी बाई पंधरा वर्षांच्या होत्या आणि तिच्या उशाशी होत्या. आई जायच्या आधी वाट बघत होती. गेल्यावरही, बाराव्यापर्यंत, आजोळच्या लोकांनी रस्त्याकडे डोळे लावले. आबा आले ते दोन महिन्यांनी. ट्रंक उघडली, साबण काढला, आणि का उशीर झाला ते एका शब्दानं सांगितलं नाही. केळशीच्या माणसांनी तेव्हापासून त्यांचं नाव टाकलं. बाईंनी टाकलं नव्हतं, पण मनातला एक दरवाजा लावून घेतला होता. त्या आबांचं सगळं करत, आणि त्या दरवाजाशी कधी जात नसत.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

आबांनी थोडा विचार केला. खरंच उत्तर शोधत असल्यासारखा.

"काय सांगू? दिसला कायच नाय. धुका व्हता असा सांगायचा तर लोक म्हनतील, धुका सगल्यांनाच असतो."

खाली दुकानदारानं फळी उचलून ठेवल्याचा आवाज आला. उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत पेटीच्या आत गेला आणि तिथले तांब्याचे बारीक रस्ते चमकले. बाई म्हणायच्या, मला रडू येत होतं की नाही ते मला नाही सांगता येणार, पण त्या दुपारी हवा अशी होती की माणूस पाण्याखालीही श्वास घेऊ शकेल.

मग त्या उठल्या. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी ती इंग्रजी पुस्तिका उघडली. बिघाडाच्या पानावर आवाजांच्या खुणा दिल्या होत्या. एक लांब, दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष. बाकी यंत्र शाबूत. त्यांनी ते आबांना वाचून दाखवलं, मराठी करून. आबांनी मान हलवली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

कार्ड पुन्हा काढलं. या वेळी बाईंनी ते उन्हात धरून बघितलं. त्याच्या काठावरच्या पितळी दातांवर हिरवट थर चढला होता. मुलींच्या डब्यातलं खोडरबर घेऊन त्यांनी एकेक दात घासला. आबांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांना कार्डाची दुसरी बाजू दिली. बोटीवर पितळ घासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांचा हात अजून हलका होता. घासून झाल्यावर कार्ड बसवलं, अगदी टोकापर्यंत, दोन्ही अंगठ्यांनी. बटण दाबलं. एकच छोटा आवाज आला, आणि हिरवे आकडे वर चढू लागले.

पण नवी फ्लॉपी घातली तेव्हा पुन्हा पहिलीच गत. एक ओळ, आणि काळोख.

बाई हसल्या. इतक्या वेळानं त्यांना भीती वाटेनाशी झाली होती.

"आता भोंगा पण देत नाही," त्या म्हणाल्या.

"हाक मार," आबा म्हणाले. "दिसत नसला तरी ऐकू येत असेल."

हे आबा बोटीबद्दल बोलत होते की पेटीबद्दल, ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांनी बोटं जागेवर ठेवली. फ्लॉपीवर काय काय आहे ते दाखव, असं सांगणारा छोटा हुकूम त्यांना पाठ होता. डी, आय, आर. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. तरी त्यांनी हुकूम पोचवणारं एंटरचं बटण दाबलं.

फ्लॉपीच्या खाचेवरचा लाल दिवा लागला. आत चकती फिरली, घरघरली, थांबली.

"ऐकतोय," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

म्हणजे यंत्र जागं होतं. हुकूम घेत होतं, उत्तरही देत होतं. ते उत्तर फक्त भलतीकडे जात होतं. कुठे, ते शोधायचं. त्यांनी जुन्या फ्लॉपीवर यंत्र चालू केलं, मग नवी आत घातली आणि तिच्यावरची सुरुवातीची फाइल पडद्यावर उघडली. यंत्र जागं झाल्याबरोबर काय काय करायचं, ते त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. चारच ओळी होत्या. त्यातली दुसरी होती, मोड सीओ एटी. पुस्तिकेत तिचा अर्थ सापडला. रंगीत पडदा आहे असं समज, आणि सगळं तिकडे पाठव.

रंगीत पडदा त्या माडीवर नव्हताच. महिपतच्या ऑफिसात होता. त्यानं आपल्या यंत्रासाठी लिहिलेली ओळ तशीच फ्लॉपीबरोबर रत्नागिरीला आली होती, आणि इथलं म्हातारं यंत्र इमानेइतबारे सगळी अक्षरं नसलेल्या पडद्यावर लिहीत बसलं होतं.

ओळ तिथल्या तिथे पुसता आली असती. पण बाईंना एक करून बघायचं होतं. त्यांनी पुन्हा नव्या फ्लॉपीवर यंत्र चालू केलं. काळोख झाला. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, नेहमी बघायच्या तसं. ओहोटी लागली होती, काळी वाळू ओली चमकत होती, जेटीच्या पायऱ्यांवर कुणीतरी जाळं पसरत होतं. न बघता त्यांनी टाइप केलं: मोड, जागा, मोनो. म्हणजे, एकरंगी पडद्यावर ये.

"आला," आबा म्हणाले.

बाईंनी मान वळवली. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात हिरवा ए, त्याच्यापुढे एक बाण, आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. बाकी पडदा मोकळा होता, लिहाल ते घ्यायला तयार.

संध्याकाळी त्यांनी महिपतला फोन केला. तो इतका हसला की फोनवाल्यालाही ऐकू गेलं. "माझीच ओळ ताई. आमच्याकडे सगळे पडदे रंगीत, कुणाच्या ध्यानात येणार?" बाई म्हणाल्या, "असूदे. तुझ्यामुळे आमची एक दुपार बरी गेली." काय घडलं ते त्याला सांगितलं नाही. महिपत केळशीच्या काशीमावशीचा मुलगा. त्या घरात आबांचं नाव निघत नसे.

त्या जूनपासून वर्गात कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात झाली. पहिल्या तुकडीत मी होते. आबा खिडकीशीच बसायचे, पण आता मधूनच बोलायचे. सलग नव्हे. एखादं बंदर, एखादा वास, मेलेला एखादा खलाशी. ऐन धड्याच्या मध्ये म्हणायचे, "आदन बंदराला कावळे नायत," आणि गप्प व्हायचे. आम्ही मुली माना खाली घालून हसायचो. बाई हसायच्या नाहीत. हातातलं काम थांबवून, अजून काही येतंय का, ते ऐकायच्या.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस ते म्हणाले, "केळशीस नेशील?"

बाईंनी वर्ग बंद ठेवला आणि त्यांना घेऊन निघाल्या. दापोलीला गाडी बदलली. आबा सगळी वाट खिडकीची दांडी धरून बसले होते, दोन्ही हातांनी, ताठ. केळशीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. काशीमावशी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. तिनं आधी बाईंना ओळखलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला. ती उठली नाही. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

आबा अंगणाच्या कडेच्या दगडावर बसले. बाईंना वाटलं, आता आपल्यालाच सांगावं लागेल. त्या तोंड उघडणार, इतक्यात आबांनीच सुरुवात केली.

"काशीबाय, तवा आमची बोट धुक्यात सापडली व्हती," ते म्हणाले. आणि सगळं सांगितलं. सुकाणू, भोंगा, नुसतं फिरणारं चाक, न दिसता बाजूनं गेलेली बोट, कांद्याचा वास, तार. सावकाश सांगितलं, जिथे आठवेना तिथे थांबून, आठवल्यावर पुन्हा धरून. मावशीचे हात सुपाऱ्यांवर फिरत होते. कांद्याच्या वासापाशी ते थांबले.

सांगून झालं तेव्हा माडांच्या सावल्या अंगणभर लांबल्या होत्या.

"जायच्या आधी ती म्हनायची," मावशी म्हणाली, "म्हनायची, ते येतायत, पर त्यांना वाट गावत नाय. आमाला वाटला, तापात बोलते."

मग ती उठली, पदराला हात पुसले, आणि बाईंना म्हणाली, "आत घे त्यांना. दगड गार झाला असेल."